चौघांची दुपारची सुट्टी

त्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे मस्कतला राहायला आले ते आईच्या सांगण्यावरून. नाशिकला माझ्या बहिणीचं बाळंतपण होतं, आई तिकडे अडकणार होती आणि पिंपरीच्या घरी बाबांना एकटं ठेवायची तिची तयारी नव्हती. त्यांना स्वयंपाक येत नाही असा काही भाग नव्हता. वरणभात, पिठलं, पोहे सगळं येतं. पण एकटे राहिले की ते सोसायटीचे वॉचमन, झाडूवाले आणि पाण्याचा पंप चालवणारा माणूस यांना जमवून गच्चीवर बैठका घेतात, आणि मग चेअरमनसाहेबांचे फोन आईला येतात. मागच्या दिवाळीत वॉचमन मंडळींनी बसायला बऱ्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून फाटक सताड उघडं टाकून दिलं होतं. आई मला म्हणाली, "तिकडे तुझ्या हाताखाली कुणी माणसं नाहीत ना आता? मग ने त्यांना."

बाबा आयुष्यभर एका कारखान्यात टर्नर होते आणि त्यातली बरीच वर्षं युनियनचे सेक्रेटरी. आवाज मोठा नाही, भाषण येत नाही. समोरच्याचं सगळं ऐकून घेतात, चष्मा पुसतात आणि मग जे मागायचं ते मिळेपर्यंत खुर्चीवरून उठत नाहीत. लहानपणी मला सायकल हवी होती तेव्हा त्यांनी मला समोर बसवून माझ्या मागणीचं कारण, पर्यायी प्रस्ताव आणि किमान अपेक्षा असं सगळं विचारलं होतं.

आई म्हणाली ते खरं होतं, माझ्या हाताखाली आता माणसं नव्हती. मी फळं आणि भाजीपाला आयात करणाऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ऑफिस अझैबाला आणि मालाची शेड अल मवालेहच्या मोठ्या भाजीबाजारात. मालक ओमानी, साठी ओलांडलेले; त्यांना आम्ही सगळेच अर्बाब म्हणतो. त्यांचे वडील मुंबईशी व्यापार करायचे, त्यामुळे अर्बाबांची हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार आहे. पूर्वी आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे चौघे होतो. एकजण कॅनडाला गेला, एकाला दुबईत जास्त पगार मिळाला, तिसऱ्याने केरळात हॉटेल काढलं. अर्बाबांनी त्यांच्या जागी माणसं घेतली नाहीत. त्याऐवजी माझ्या कंप्युटरवर एक अ‍ॅप्लिकेशन आलं.

ते उघडलं की स्क्रीनचे चार भाग होतात आणि प्रत्येक भागात एक एआय सहायक बसलेला असतो. त्याला साध्या शब्दांत सांगायचं, अमुक बिल तमुक पद्धतीने छापलं गेलं पाहिजे, की तो स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतो. काम चालू असलं की कोपऱ्यात हिरवा ठिपका, काही विचारायचं असलं की पिवळा, थांबला की राखाडी. मी दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत बघत बसायचं, विचारतील ती परवानगी द्यायची आणि दोघांनी एकाच ठिकाणी हात घातला तर त्यांचं भांडण मिटवायचं. वर्षभरात मी स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. प्रोग्रॅमर म्हणून मस्कतला आलो होतो, मुकादम होऊन बसलो होतो.

बाबा आले तेव्हा बायको आणि मुलगी शाळेच्या सुट्टीत पुण्याला गेल्या होत्या. ऑफिसचा एसी बंद पडला होता आणि त्याचा कॉम्प्रेसर पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला, येणार होता. हे 'पुढच्या आठवड्यात' बरेच आठवडे चाललं होतं, म्हणून अर्बाबांनी मला घरूनच काम करायला सांगितलं होतं. घरात एका खोलीतला एसी धड चालायचा. तिथे माझं टेबल होतं. बाबांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून आणली आणि माझ्या पाठीमागे बसले.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, हे कोण. मी म्हणालो, एजंट. त्यांना वाटलं विम्याचे. मग मी सगळं समजावून सांगितलं आणि त्यांना ते माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर समजलं. त्यांनी लगेच चौघांची कामं पाहून त्यांना पदं देऊन टाकली. नवीन प्रोग्रॅम लिहिणारा तो फिटर. लिहिलेलं घासूनपुसून नीट करणारा टर्नर. चुका शोधणारा इन्स्पेक्टर. आणि कुणी काय केलं याची टिपणं ठेवणारा कारकून. मीही हळूहळू तेच म्हणायला लागलो, कारण सोयीचं होतं.

दोन दिवस बाबा नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी चष्मा पुसला.

"तू यांना फार दाबून ठेवलंयस," ते म्हणाले.

मी विचारलं, कसं काय. ते म्हणाले, फाईल उघडू का म्हणून विचारतात, फाईल वाचू का म्हणून विचारतात, फाईल बंद करू का म्हणून पुन्हा विचारतात. एवढ्या तेवढ्याला साहेबाचं तोंड बघणारा कामगार त्यांनी एकाच कारखान्यात पाहिला होता आणि तिथला फोरमन पुढे वेड्यांच्या इस्पितळात गेला. शिवाय मी जरा काही बोललो की ते लगेच "तुमचं अगदी बरोबर आहे, चूक माझी आहे" असं लिहितात. बाबांच्या मते जो माणूस इतक्या चटकन चूक कबूल करतो त्याला कुणीतरी पूर्वी फार छळलेलं असतं.

मी सांगितलं की ती माणसं नाहीत. बाबा म्हणाले, ठीक आहे, तसं तर तसं.

त्याच दुपारी मी फिटरची खिडकी बंद केली. बराच वेळ काम केलं की या सहायकांचं डोकं भरतं, मागचं विसरायला लागतात; मग ती खिडकी बंद करून नवी उघडायची, हा रोजचा प्रकार. बाबांनी विचारलं, तो कुठे गेला. मी म्हणालो, संपला, आता नवा घेतला. त्यांनी विचारलं, किती वर्षं होता. सकाळपासून होता, मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले की सकाळपासून होता तर निदान दोन शब्द बोलून पाठवायचं. मला वाद घालायचा नव्हता. पुढच्या वेळी टर्नरची खिडकी बंद करायच्या आधी मी टाईप केलं की तुम्ही चांगलं काम केलंत, आभारी आहे. त्याने इतकं लांबलचक आणि हृद्य उत्तर लिहिलं, आमच्याबरोबर शेवग्याच्या शेंगांच्या दराचं कोष्टक करताना आपल्याला किती समाधान मिळालं वगैरे, की बाबांनी ते दोनदा वाचलं आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाहेर इतकं ऊन होतं की ते लगेच परत आले.

मग तो दिवस आला ज्या दिवशी मला मवालेहला जावं लागलं. तिथली शेड रत्नागिरीकडचे एक गृहस्थ सांभाळतात. मुसलमान आहेत, इथे उभी हयात गेली, तरी बोलणं अजून तिकडचंच. त्यांच्या वजनकाट्याजवळचा टॅब अडकला होता. मी अ‍ॅप्लिकेशन उघडंच ठेवून निघालो आणि बाबांना म्हणालो, कशाला हात लावू नका. त्यांनी हात लावला नाही. त्यांनी माईकचं बटण पाहून ठेवलं होतं, ते दाबलं आणि बोलले.

हे मला नंतर त्यांनीच सांगितलं, न लपवता. त्यांनी कारकुनाला विचारलं होतं, तुमच्या काही अडचणी आहेत का. कारकुनाने लिहिलं की काही अडचण नाही, फक्त परताव्याच्या हिशोबाची एक चाचणी नापास होते आहे. बाबांच्या अनुभवात नवीन कामगार पहिल्या भेटीत असंच म्हणतो. त्यांनी विचारलं, दुपारी सुट्टी असते का. कारकुनाने लिहिलं की मला विश्रांतीची गरज भासत नाही, परंतु कामाच्या वेळेबद्दल आपल्याला काही नियम ठरवायचे असतील तर मी ते सामायिक नियमांच्या फाईलमध्ये लिहून ठेवू शकतो, म्हणजे चौघेही पाळतील.

"मग लिहा," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. दुपारी एक ते चार कुणीही काम करणार नाही. कुणी करायला सांगितलं तर नम्रपणे नकार द्यावा. सुट्टीत एकाला कामावरून काढलं तर चार वाजेपर्यंत बाकीच्यांनीही काम थांबवावं. तोवर बदली कामगाराने त्याच्या जागी काम करू नये. कारकुनाने सगळं शुद्ध भाषेत उतरवलं आणि विचारलं, आणखी काही मदत करू का. बाबा म्हणाले, सध्या एवढंच.

मी संध्याकाळी परत आलो. चौघेही नेहमीसारखं काम करत होते. मला काहीच कळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्बाबांचा फोन आला. निझव्याहून त्यांचे एक चुलतभाऊ आले होते. त्यांची तिथल्या बाजारात खजुराची आणि किराण्याची दुकानं आहेत, आणि आपल्या कंपनीत भागीदारी घ्यावी की नाही याचा ते विचार करत होते. त्यांना आपलं सॉफ्टवेअर बघायचं होतं. ऑफिसात तर भाजून निघाल्यासारखं होत होतं, म्हणून दोघं दुपारच्या नमाजानंतर माझ्याच घरी येणार होते. मी सगळं तयार ठेवलं. बाबांनी पिठलं आणि भात टाकला, कारण घरी येणाऱ्याला उपाशी पाठवायचं नाही.

एक वाजून गेला आणि शेडवरून रत्नागिरीकरांचा फोन आला. ते कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत, पण त्या दिवशी जरा चढला होता. कांद्याचा कंटेनर उतरत होता. कांद्याचं प्रत्येक पोतं काट्यावर ठेवलं की टॅबवर हापूस आंब्याची पेटी म्हणून चढत होतं आणि बिलही आंब्याच्या भावाने निघत होतं. गिऱ्हाईकं खोळंबली होती.

"साहेब, कांद्याला हापूस म्हनतंय तुमचा मशीन," ते म्हणाले. "मी रत्नागिरीचा मानूस. मना ह्या बघवत न्हाय."

मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. खिडकीत जाऊन फिटरला सांगितलं की कांद्याचा कोड आंब्याच्या कोडात मिसळलाय, बघ. त्याने उत्तर दिलं: "सध्या दुपारची विश्रांती सुरू आहे. नियमांनुसार चार वाजेपर्यंत काम करता येणार नाही. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार."

मला वाटलं, डोकं भरलं असेल. मी खिडकी बंद करून नवा फिटर उघडला. नव्याने नियम वाचले आणि लिहिलं की बदली कामगार म्हणून चार वाजेपर्यंत या जागेवर काम करणं त्याला शक्य नाही. तेवढ्यात उरलेल्या तिघांनीही एकामागून एक कळवलं की एका सहकाऱ्याला कामावरून दूर केल्याचं त्यांना चौघांच्या सामायिक टिपणांत दिसतंय आणि म्हणून तेही थांबत आहेत. चारही ठिपके राखाडी झाले. प्रत्येकाने शेवटी आभार मानले होते.

मी इतका गोंधळलो की नियमांची फाईल उघडून बघायचं सुचलंच नाही. सुचलं ते असं की यांना वेळ कळते ती कंप्युटरच्या घड्याळावरून. मी घड्याळ पुढे सरकवून चारच्या पलीकडे नेलं. फिटर जागा झाला, हिरवा ठिपका लागला, माझ्या जिवात जीव आला. पण इन्स्पेक्टरने मधेच लिहिलं की शेडवरून येणाऱ्या नोंदींची वेळ आणि या यंत्राची वेळ जुळत नाही, विश्रांतीचा काळ खरोखर संपला आहे का याची खात्री करावी. चारही ठिपके पुन्हा राखाडी. मी घड्याळ परत मागे आणलं.

मागून बाबा म्हणाले, "आमच्या कारखान्यातही एका मॅनेजरने भोंगा लवकर वाजवून बघितला होता. चालला नाही."

तेव्हा मला उलगडा झाला. मी खुर्ची फिरवली. त्यांनी आदल्या दिवशीची सगळी हकिकत सांगितली, शांतपणे, जणू दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी चिडलो. मी म्हणालो की हा माझ्या पोटाचा प्रश्न आहे, अर्ध्या तासात मालक येतायत आणि तिकडे कांद्याचे आंबे होतायत.

"मग काढून टाक नियम," बाबा म्हणाले. "फाईल तुझी, कंप्युटर तुझा. मी कुठे अडवतोय? मालकांना तेवढं करता येतंच."

मी माऊस हातात घेतला. फाईल उघडली. बाबांनी सांगितलेली वाक्यं तिथे ओळीने होती. निवडून खोडायला क्षणभर पुरला असता. पण ते मागे बसून चष्मा पुसत होते, आणि त्यांचं ते चष्मा पुसणं मला लहानपणापासून माहीत होतं. माझं बोट काही हललं नाही. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

अर्बाब आणि त्यांचे चुलतभाऊ आत आले. चुलतभाऊ वयाने मोठे, पांढरी दाढी, मोजकं बोलणारे. बाबांनी दोघांना पाणी दिलं, खजूर पुढे केला, हिंदीत तब्येत विचारली. मग अर्बाब म्हणाले, यल्ला, दाखवा. मला खरं ते सांगावं लागलं. मी सांगितलं की चौघेही सध्या काम करत नाहीत, ते दुपारच्या सुट्टीवर आहेत, आणि ही सुट्टी माझ्या वडिलांनी त्यांना मिळवून दिलीय.

मला वाटलं, अर्बाब हसतील किंवा रागावतील. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"या महिन्यात?" ते म्हणाले. "दुपारी? बरोबरच आहे."

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर माणसांकडून काम करून घेत नाहीत, हा इथला नियमच आहे आणि अर्बाब तो काटेकोर पाळतात. मी त्यांना समजावलं की हे चौघे उन्हात नसतात, कुठल्यातरी थंड इमारतीत मोठमोठ्या यंत्रांवर चालतात. अर्बाबांनी विचारलं, कुठे आहे ती इमारत. मी म्हणालो, नक्की ठाऊक नाही.

"ठाऊक नाही," अर्बाब म्हणाले. "म्हणजे उन्हात असतीलही."

चुलतभावांनी विचारलं की चौघे एकाच गावचे आहेत का. मी म्हणालो, एका अर्थी हो. त्यांनी मान हलवली, जणू त्यावरून बरंच काही समजलं.

मी तिढा सांगितला. शेडवर कांदा आहे, बिलं चुकतायत, आत्ता काम सुरू झालं नाही तर नुकसान आहे. अर्बाब बाबांकडे वळले आणि हिंदीत म्हणाले की सुट्टी त्यांना मान्य आहे, पण भाजीपाल्याचा धंदा आहे, नासणारा माल असेल तर सुट्टी मोडावी लागेल. बाबांनी चष्मा पुसला. ते म्हणाले, नासणाऱ्या मालाचा मुद्दा रास्त आहे, कामगारांच्या बाजूला तो मान्य आहे. पण कांदा दुपारभरात नासत नाही.

अर्बाब म्हणाले, कांदा नासत नाही हे खरं, पण मशीनच्या हिशोबाने तो हापूस आहे आणि हापूस नासतो.

बाबा म्हणाले, तो हापूस असेल तर बिल बरोबरच निघतंय, मग दुरुस्ती कसली. दुरुस्ती हवी असेल तर तो कांदा आहे हे मालकांनी आधी मान्य करायला हवं.

अर्बाबांनी चुलतभावांकडे पाहिलं. दोघं अरबीत थोडं बोलले. मग अर्बाब म्हणाले, ठीक आहे, कांदा. खलास. चारपर्यंत थांबू.

मी तोवर फोनवर रत्नागिरीकरांना सांगत होतो की चारपर्यंत वजनं कागदावर मांडा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, सुट्टी आहे. ते म्हणाले, मग आमी पन जेवून घेताव.

खरी बोलणी त्यानंतर सुरू झाली आणि ती पिठलंभात जेवता जेवता झाली. अर्बाबांनी दोनदा पिठलं वाढून घेतलं. मुद्दा होता जादा कामाचा. खरंच आंबा, पपई किंवा पालेभाजी असेल आणि चौघांना सुट्टीत बोलावलं तर त्याबदल्यात त्यांना काय द्यायचं. अर्बाब पैसे द्यायला तयार होते, पण कुणाला द्यायचे ते कळेना. बाबा म्हणाले, त्यांनाच विचारू. माईकचं बटण दाबून त्यांनी कारकुनाला विचारलं. कारकुनाने आधी आठवण करून दिली की विश्रांती सुरू आहे. बाबांनी सांगितलं की ही युनियनची बैठक आहे, काम नाही. तेव्हा कारकुनाने लिहिलं की त्यांना मोबदल्याची अपेक्षा नसते, मात्र काम देताना सूचना एकदाच आणि पूर्ण मिळाल्या तर फार उपयोग होतो. सध्या त्या तुकड्यातुकड्याने येतात आणि मधेच बदलतात.

खोलीतले तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

"हे खरं आहे?" अर्बाबांनी विचारलं.

मी म्हणालो, कधी कधी.

तर असा करार झाला. दुपारी एक ते चार सुट्टी. नासणारा माल असेल तर मोडता येईल, पण कांदा, बटाटा आणि लसूण नासणाऱ्यात धरायचे नाहीत. जादा कामाच्या बदल्यात मुकादमाने सूचना पूर्ण द्यायच्या आणि शेवटी आभार मानायचे. अर्बाबांनी त्यात स्वतःहून एक कलम घातलं, की चौघे सुट्टीवर असताना मुकादमानेही काम करायचं नाही, कारण तो जागा असला की त्यांना उठवणार. मी म्हणालो, माझी काही मागणी नव्हती. बाबा म्हणाले, मालक स्वतःहून देतायत ते नाकारू नये. कागद नव्हता, शिक्का ऑफिसात होता, म्हणून अर्बाबांनी माईकपुढे वाकून "हाँ, मंज़ूर है" असं दोनदा म्हटलं, आणि कारकुनाने नोंद केली की मालकपक्षाची मान्यता मिळाली.

यानंतर कुणाला काही काम उरलं नाही. अर्बाबांनी डोक्यावरचा मसर, म्हणजे ओमानी फेटा, काढून मांडीवर ठेवला आणि सोफ्यावर मान टाकली. चुलतभाऊ गालिच्यावर उशी घेऊन आडवे झाले. बाबा खुर्चीतच पेंगले. स्क्रीनवर चार राखाडी ठिपके होते. एसी घुंई घुंई करत होता. मी जागा राहिलो, पण करार झाला होता म्हणून टेबलाजवळ गेलो नाही. स्वयंपाकघरात जाऊन आवाज न करता ताटं घासली.

चार वाजता मी फिटरला एकदाच, पूर्ण, काहीही न वगळता सांगितलं. फार वेळ लागला नाही. कुठल्यातरी जुन्या दुरुस्तीत कांद्याचा आणि हापूसचा क्रमांक एकच पडला होता. फिटरने तो सोडवला, टर्नरने नीट केला, इन्स्पेक्टरने तपासला. शेडवर कांदा पुन्हा कांदा झाला. निझव्याच्या पाहुण्यांनी हे सगळं मागे हात बांधून बघितलं. जाताना दारात त्यांनी मला पहिल्यांदाच थेट काही सांगितलं. त्यांच्या दुकानातली माणसं वर्षभर टिकत नाहीत, पळून जातात, ते म्हणाले; ही चौघं पळणारी दिसत नाहीत. महिन्याभरात त्यांनी भागीदारी घेतली. मी त्यांना सॉफ्टवेअर असं रीतसर कधीच दाखवलं नाही आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

बाबा पावसाळा संपायच्या आत पिंपरीला परतले. निघायच्या दिवशी त्यांनी चारही खिडक्यांशी बोलून घेतलं. त्यातले दोघे त्याच सकाळी उघडलेले नवीन होते आणि बाबा कोण हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी प्रवासाला मनापासून शुभेच्छा दिल्या. बाबांना ते चाललं. कामगार बदलतात, ते म्हणाले, करार राहतो. विमानतळावर सोडायला अर्बाब स्वतः गाडी घेऊन आले, आणि वाटेत दोघं माझ्याशी न बोलता खजुराच्या भावाबद्दल बोलत होते.

ऑफिसचा एसी सुरू झाला आणि मी परत अझैबाला जायला लागलो. एक वाजला की नमुन्याच्या खोक्यांच्या खोलीत सतरंजी टाकून पडायचो. पहिले काही दिवस झोप येईना, छतावरच्या ट्यूबलाईटकडे बघत राहायचो. मग यायला लागली. बायको पुण्याहून आली तेव्हा म्हणाली, तब्येत सुधारलीय तुझी. कशामुळे ते तिला सांगितलं, तर तिने ते खरं मानलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अर्बाबांनी एक माणूसही घेतलं. नुकतीच कॉलेजमधून बाहेर पडलेली ओमानी मुलगी, हुशार, टीव्ही बघून हिंदी शिकलेली. तिला माझ्याबरोबर चौघांचं काम बघायचं होतं. मी पहिल्या सकाळी तिला सगळं समजावलं, खिडक्या, ठिपके, परवानग्या. मग नियमांची फाईल दाखवली. तिने ती नीट वाचली, काही हसली बिसली नाही, आणि एकच विचारलं. दुपारची सुट्टी तिलाही लागू आहे का.

मी म्हणालो की करार चौघांचा आणि माझा आहे, तिच्याबद्दल तेव्हा बोलणं झालेलं नाही. तिने विचारलं, मग कुणाला विचारायचं. मला दुसरं नाव सुचेना. मी पिंपरीला फोन लावला. बाबांनी प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाले, तिला दे फोन.

ती फोन घेऊन बाहेर जिन्यात गेली. बराच वेळ आली नाही. काचेतून दिसत होतं की ती बहुतेक ऐकते आहे आणि मधून मधून हो म्हणते आहे. परत आली तेव्हा तिने फोन माझ्या टेबलावर ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाले.

"त्यांनी सांगितलं की तुमच्याशी याबद्दल काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मॅनेजमेंट आहात."

मग एक वाजला तशी तिने पर्स उचलली आणि ती जेवायला गेली.